बाटली भरलेलीच परत येते

मंगळवार, १४ जुलै

लेकीस,

आधी कारण सांगते, आशीर्वाद शेवटी. आशीर्वाद आधी दिले तर तू तिथेच पत्राची घडी घालून ठेवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, माझाच आहे.

फोनवर आपलं दोन वाक्यांत वाजतं. मागच्या खेपेला फोन तू आपटलास की मी, ते अजून ठरायचं आहे. तेव्हापासून तू रविवारी शेजारच्या शिंप्याच्या फोनवर मुंगीशी बोलतेस आणि मी इकडे दुकानात इस्त्री फिरवत राहते, जणू मला ऐकूच येत नाही. ऐकू सगळं येतं. ती म्हणते, "सगळं छान आहे, आई." छान नाही. म्हणून लिहिते. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, तीही अधूनमधून, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मुंगीला शाळेत पोरी छळतात.

लिहून टाकलं. आता कसं कळलं ते सांगते.

पाण्याच्या बाटलीवरून. सकाळी भरून देते ती संध्याकाळी तशीच परत येते, तोंडापर्यंत भरलेली. आणि ही बया दारातून आत आली की दप्तरासकट माठाकडे धावते आणि उभ्या उभ्या पेल्यामागून पेला पिते, श्वास न घेता. आधी वाटलं विसरत असेल. मग वाटलं बाटलीला वास येत असेल, म्हणून नवी आणली. नवीही भरलेलीच परत. शेवटी समोर बसवलं आणि म्हटलं, "काय गं, शाळेत पाणी प्यायला बंदी आहे का?"

तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जा. त्यात काय?"

"दार धरतात."

मला कळायला जरा वेळ लागला. मुलींच्या संडासाची आतली कडी तुटलेली आहे. ही आत गेली की तिघीचौघी बाहेरून दार धरून उभ्या राहतात, घंटा होईपर्यंत. आणि गाणं म्हणतात. गाणं सांगायला तयार नव्हती, मी काढून घेतलं. "जळका वास, जळका वास, बसू नका हिच्या आसपास." इस्त्रीच्या दुकानात राहते म्हणून तिच्या अंगाला जळक्या कापडाचा वास येतो म्हणे. बाकावर शेजारी कोणी बसत नाही. ही जवळून गेली की नाक धरतात. मग हिने पाणीच सोडलं. या उकाड्यात, दिवसभर.

सगळ्यांत पुढे कोण, तर ती लांब वेणीची. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसते ना, तिची मुलगी. त्यांचे कपडे माझ्याकडेच येतात. म्हणजे वेणीच्या गणवेशाला जी कडक चुणी असते ती माझ्या हातची, आणि वास मात्र माझ्या नातीला.

दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. वर्गाच्या बाई नव्या आहेत, गळ्यात शिट्टी, काखेत वह्यांचा गठ्ठा, अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं मैदानाकडे. म्हणाल्या, "आजी, मुलं आहेत. या वयात थोडंफार चालायचंच."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही आत जा, मी दार धरते घंटा होईपर्यंत. मग ठरवू चालायचं की नाही ते."

ते त्यांना लागलं. लगेच मुंगी आणि वेणी दोघींना वर्गासमोर उभं केलं, वेणीला सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. वेणीने हात मिळवला आणि नंतर तो फ्रॉकला पुसला. मी दारातून पाहिलं. बाई तोवर फळ्याकडे वळल्या होत्या.

घरी येताना मुंगी माझ्या पुढे चालत होती. वळून म्हणाली, "आजी, तू का आलीस?"

हे तिला फोनवर विचारू नकोस. मी तुला सांगितलेलं तिला आवडणार नाही. पण तू आई आहेस, तुला कळायला हवं.

आता आशीर्वाद.

तुझी आई


शनिवार, २५ जुलै

लेकीस,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यांतल्या तीन मला बोल लावणाऱ्या. चौथीत लिहितेस की तिला सांग, एकीने मारली तर दोन ठेवून दे. आणि जमत नसेल तर सहामाहीच्या सुट्टीत येऊन मी तिला घेऊन जाते, इकडे वसतिगृहाची शाळा आहे.

दोन ठेवून दे हे मी आधीच सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, "आजी, त्या चौघी आहेत. आणि मारत नाहीत. मी कोणाला ठेवू?" याचं उत्तर तुला आलं तर कळव.

आणि वसतिगृहाचं काय घेऊन बसलीस? तिथल्या संडासांना सोन्याच्या कड्या लावल्यात का? इथे निदान संध्याकाळी घरी तरी येते. तिथे जेवायला त्याच पोरी आणि झोपायलाही त्याच. आगीतून फुफाट्यात. शिंप्याने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा सापडत नव्हता म्हणून, आणि मुंगी तेव्हा त्याच्या टेबलाखाली गुंड्या वेचत होती. ते आम्हाला दोघांनाही दिसलं नाही. जेवताना म्हणाली, "मला पाठवणार का?"

मी म्हटलं, "बघू."

"पण मी काय केलं?"

आणि थोड्या वेळाने, ताटातच बघत, "मी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं."

हे मी तुला डिवचायला लिहीत नाही. झालं तसं लिहिते.

त्या हात मिळवण्याचा फायदा एवढाच झाला की पोरींना नवा खेळ मिळाला. एकीने येऊन मुंगीशी हात मिळवायचा आणि मग पळत जाऊन तो दुसरीच्या फ्रॉकला पुसायचा. जिला पुसला तिच्यावर राज्य.

पण आता ते सगळं थांबलं आहे. या सोमवारपासून कोणी मुंगीचं नाव घेत नाही. म्हणून तू घाईने काही ठरवू नकोस.

कसं थांबलं म्हणशील, तर मुलांना हसायला दुसरं काहीतरी मिळालं. वेणीच्या फ्रॉकवर मागच्या बाजूला इस्त्रीचा डाग पडला होता. मोठा, तपकिरी, होडीसारखा. वेणीबाईंना पत्ता नाही, तशाच वर्गात जाऊन बसल्या. वर्ग दिवसभर हसत होता म्हणे. इस्त्री आहे, कधी जास्त तापते. वेणीची आई, औषधवाली, विचारायला आली होती, मी म्हटलं माझ्याकडून गेला तेव्हा चांगला होता, घरात कोणी इस्त्रीला हात लावला असेल.

बाटली अजून भरलेलीच येते. पण सवय मोडायला वेळ लागतो. तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण न्यायला येऊ नकोस.

आशीर्वाद.

तुझी आई


गुरुवार, ३० जुलै

लेकीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. मागच्या पत्रात एक गोष्ट मी वाकडी लिहिली. सरळ करते, धंदाच आहे माझा.

तो डाग मी पाडला. मुद्दाम.

त्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी, रविवारी, औषधवालीकडचं बोचकं उघडलं, वर वेणीचा फ्रॉक. तू तेव्हा फोनवर होतीस आणि मुंगी तिकडे "सगळं छान आहे" म्हणत होती. मी फ्रॉक पालथा घातला, मागच्या चुण्यांवर इस्त्री ठेवली आणि हात काढून घेतला. मागेच का, तर पुढे असता तर घरातच दिसला असता. घडी अशी घातली की डाग आत. जळका वास म्हणता ना, घ्या म्हटलं, पोटभर घ्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

औषधवाली आली तेव्हा मी खोटं बोलले ते मात्र ठरवून नाही. तोंडाला आलं ते बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

काल मुंगी शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसली. लहानपणी बसायची तशी. आता मावत नाही, गुडघे बाहेर येतात. मी इस्त्री फिरवत होते, तर खालून आवाज आला.

"आजी, ती होडी आपली आहे."

"कुठली होडी?"

"वेणीच्या फ्रॉकवरची. तिच्या टोकाला खाच आहे. आपल्या इस्त्रीला आहे तशी."

ती खाच तुझी. तू सातआठ वर्षांची असताना इस्त्री पायरीवर पाडलीस, आठवतं का? तेव्हापासून टोक मोडकं आहे. चालते म्हणून मी बदलली नाही.

तिनेच बाकीचं सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी.

त्या सोमवारी वर्ग हसला तेव्हा तीही हसली. बरं वाटलं. या मंगळवारी वेणी संडासात गेली, आणि ज्या पोरी आजवर तिच्यासोबत मुंगीचं दार धरायच्या, त्यांनीच तिचं दार धरलं. गाणंही नवीन लगेच तयार. मुंगी नळापाशी उभी होती. तिला हाक मारली, "ये गं, तू पण धर. आता तुझी पाळी."

मी विचारलं, "मग?"

"धरलं."

मी इस्त्री उभी करून ठेवली.

"ती आतून ढकलत होती, आजी. मला हाताला कळत होतं." मग म्हणाली, "तिला घरी मार बसला. इस्त्रीला हात लावला म्हणून. ती आतून ओरडून सांगत होती, मी हात लावलाच नव्हता, लावलाच नव्हता. कोणाला खरं वाटत नव्हतं. मला माहीत होतं खरं आहे. तरी मी धरलं."

मग मी एक वेड्यासारखा प्रश्न विचारला. म्हटलं, "पण तुला आता कोणी त्रास देत नाही ना? मग पाणी का पीत नाहीस?"

म्हणाली, "दार तेच आहे ना."

बघ. मला वाटलं मी पोरीला सोडवली. मी फक्त आतली पोर बदलली.

तिने मग वाटणीसुद्धा करून टाकली. खोटं बोलले ते मी औषधवालीला सांगायचं, दार धरलं ते ती बाईंना सांगणार. मी म्हटलं, "आणि त्यांनी वर्गासमोर उभं केलं तर?" म्हणाली, "केलं तर केलं." हा हेका कोणाकडून आला ते तूच ठरव, आपल्या दोघींपैकी एकीचा आहे.

मी खरं सांगून टाकलं, की लगेच गल्लीत बोभाटा होणार. आणि तुझ्या हातात आयतं कोलीत, की आईकडे पोरगी ठेवायची कशी. ठेवायची की नाही ते तू ठरवशील, तुझी मुलगी आहे. पण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं.

उद्या जाते औषधवालीकडे. आशीर्वाद हवे असतील तर आहेतच.

तुझी आई


बुधवार, ५ ऑगस्ट

लेकीस,

जाऊन आले. जिवंत आहे.

औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती, खोकणारा एक म्हातारा तेवढा होता. औषधवाली मला बघून म्हणाली, "काय आजी, डोकेदुखीची गोळी का?"

"आज डोकेदुखी न्यायला नाही, द्यायला आले," मी म्हटलं. "तुमच्या मुलीचा फ्रॉक मी जाळला. चुकून नाही, जाळला. तुम्हाला सांगितलं ते खोटं. तिने इस्त्रीला हात लावला नव्हता."

तिने हातातलं पाकीट खाली ठेवलं. म्हातारा खोकायचा थांबला.

"लहान पोरीवर सूड?" ती म्हणाली. "वय काय तुमचं?"

"वय भरपूर आहे. अक्कल कमी पडली."

"मी तिला मारलं, आजी. ती रडून सांगत होती आणि मी मारत होते." ती तिथल्या उंच स्टुलावर बसली. मग एकदम, "पण का? माझ्या मुलीने तुमचं काय वाकडं केलं?"

मग मी सांगितलं. दार, गाणं, हात पुसायचा खेळ, भरलेली बाटली. ती सगळ्याला मान हलवत होती, नाही नाही अशी. "माझी मुलगी असं करणार नाही. घरात चकार शब्द बोलत नाही ती."

"माझी नात दार धरणार नाही असं मीही पैजेवर सांगितलं असतं," मी म्हटलं. "धरलं तिने. या मंगळवारी, तुमच्याच मुलीवर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण दोघींनी किती दिवस करायचं?"

तिने म्हाताऱ्याला औषध दिलं, त्याला दोनदा चमचा कितीचा ते सांगितलं. मग मला म्हणाली, "तुमच्याकडे कपडे टाकायचे की नाही ते मी नंतर बघेन. आधी शाळेत चला."

बाईंना तोवर मुंगीने सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं आता आमची परेड. पण या खेपेला बाईंच्या काखेत वह्या नव्हत्या. दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं. दोघींना सगळ्यांसमोर उभं केलं, हात मिळवून दिले आणि मी मोकळी झाले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्याच काही जणी दार धरत होत्या."

सरळ बोललं ना, की माणूस मला आवडतं. मी लगेच दाखवलं नाही.

मुलींना त्यांनी एकेकटीला बोलावलं होतं, दोघींना एकत्र नाही. वेणीला काय म्हणाल्या ते तिच्या आईला सांगितलं, मला नाही, आणि ते बरंच केलं. मुंगीला आमच्यासमोर एवढंच विचारलं, "तुला काय हवं आहे, ते सांग." हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी शाळेत धावले, तू वसतिगृह काढलंस, पण विचारलं कोणी नव्हतं.

मुंगी म्हणाली, "कडी."

बाई थांबल्या, अजून काही म्हणेल म्हणून. मुंगी म्हणाली, "आतून लागणारी."

मी खिडकीबाहेर बघत बसले. मैदानात बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सुतार आला, कडी बसली. आणि मधल्या सुट्टीत बाई आता शिक्षकांच्या खोलीत बसत नाहीत, चहाचा कप घेऊन त्या बोळात उभ्या राहतात, नळ आणि संडासाच्या मधे. चहा थंड होतो म्हणे. होऊ दे.

तिथेच मी विचारलं होतं, "पण शिक्षा काय? छडी?"

औषधवालीच खाली बघत म्हणाली, "घरी खाल्लाच की तिने मार. त्याने काय झालं?"

बाई म्हणाल्या, "महिनाभर मधल्या सुट्टीत ती माझ्या नजरेसमोर. तिच्यासोबतच्या बाकीच्याही. आणि दर शनिवारी मी तुम्हा दोघींना सांगणार, आठवडा कसा गेला ते, चांगला गेला तरी सांगणार. मैत्री करा असं मी दोघींना म्हणणार नाही. वाटेला जाऊ नका, एवढंच."

आणि वर्गाशी त्या बोलल्या, कोणाचं नाव न घेता. बोलणं त्या दोघींसाठी नव्हतंच, बाजूला उभं राहून बघणाऱ्यांसाठी होतं. मुंगीने मला जसंच्या तसं सांगितलं: कोणाला मार बसावा म्हणून येऊन सांगितलं तर ती चुगली. कोणाची सुटका व्हावी म्हणून सांगितलं तर ती चुगली नाही. मला हे पटलं. माझ्या वेळी दोन्हींना एकच नाव होतं आणि दोन्हींना एकच धपाटा.

त्या दिवशी निघताना बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हालाही एक सांगायचं आहे. पुन्हा काही झालं तर माझ्याकडे या. इस्त्री मधे आणू नका."

मी म्हटलं, "नाही बाई, इस्त्री आता फक्त कापडावर."

"कापडावरच केली होती तुम्ही."

औषधवाली हसली. मग मलाही हसावं लागलं.

आता तुझं काम सांगते, रागावू नकोस. रविवारी बोलशील तेव्हा "कोणी त्रास देतं का" असं खोदून विचारू नकोस. आज काय खेळलात ते विचार. ती सांगायला लागली की मधे बोलू नकोस, उपाय सुचवू नकोस, संपेपर्यंत ऐक. हे तुला मी सांगते आहे, मी, तेव्हा किती कठीण आहे ते मला कळतं. आणि घेऊन जाते असं तूर्त बोलू नकोस. तिने खरं सांगितलं आणि तिलाच बाडबिस्तरा बांधायला लावला, तर पुढच्या वेळी ती आपल्याला काही सांगायची नाही.

आशीर्वाद, आणि या खेपेला मनापासून.

तुझी आई


रविवार, २३ ऑगस्ट

लेकीस,

तुझं पत्र मिळालं. चांगलं दोन पानी, आणि मला फक्त तीनच ओळी. प्रगती आहे. त्या तीन ओळी मी शिंप्याला वाचायला दिल्या नाहीत, चष्मा शोधून स्वतः वाचल्या.

इकडचं सांगते. बोभाटा व्हायचा तो झाला. दोनचार घरांनी कपडे बंद केले. मग परत चालू केले, कारण या गल्लीत इस्त्रीचं दुसरं दुकान नाही. अशी माझी इभ्रत. शिंप्याने वेणीच्या फ्रॉकला मागची बाजू नवीन लावून दिली, शिवण शोधून सापडत नाही. होडीचा तुकडा त्याने मला आणून दिला, म्हणाला, "घ्या आजी, आठवण." मी तो इस्त्रीचं बूड पुसायला घेतला. कापड चांगलं होतं, फेकायचं कशाला.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं समजू नकोस. कडी बसली तरी पहिला आठवडा बाटली भरलेलीच येत होती. मग थोडी कमी, मग अर्धी. आणि मागच्या आठवड्यात एका दिवशी परत भरलेली. मी विचारलं नाही, स्वतःची जीभ दाताखाली धरून ठेवली. जेवताना तिनेच सांगितलं. त्या चौघींतल्याच एकीने रांगेत ते जुनं गाणं गुणगुणलं होतं. पण मुंगीने काही करायच्या आधीच एक मुलगी जाऊन बाईंना सांगून आली. कोण, तर पहिल्या बाकावरची बारकी, जिचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. ती आता मुंगीच्या शेजारी बसते. तिच्या बापाचं मासळीचं दुकान आहे. दोघी एकमेकींना हुंगून बघतात आणि हसत सुटतात, जास्त वास कोणाचा म्हणून. मला हा विनोद समजला नाही, पण त्यांना समजतो ते पुरे.

परवा वेणी दुकानात आली. बोचकं तिच्या आईने तिच्याच हाती पाठवलं होतं. टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. मी म्हटलं, "काय?"

"आजी, होडी नको."

"होडीचे वेगळे पैसे पडतात," मी म्हटलं. "साध्या इस्त्रीत बसत नाही."

हसली नाही, पण ओठ हलले. मग मी म्हटलं, "तुला माझ्यामुळे मार बसला. तो माझ्या वाट्याचा होता." ती म्हणाली, "हं." आणि वेणी उडवत गेली. मी हाक मारून काही शिकवायला गेले नाही. ते काम बाईंचं आहे आणि तिच्या आईचं. दोघी करताहेत. औषधवाली शनिवारी मला अंगठा दाखवते, दुकानातून, वर केला की आठवडा चांगला.

त्या दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. होणारही नाहीत बहुतेक. पण मुंगीने सांगितलं, मंगळवारी संडासाच्या रांगेत वेणी तिच्या पुढे होती. मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "तू जा आधी."

मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"गेले. कडी लावली."

"आणि ती?"

"बाहेर उभी होती. लांब. दाराला हात लावला नाही."

त्यावर मी आणखी काय विचारणार?

तू लिहितेस की सुट्टीत यायचं आहे, पण आता न्यायला येऊ की नुसतीच येऊ ते कळत नाही. रिकाम्या हाताने ये. मुंगीला विचारलं, "आईने काय करावं असं वाटतं?" विचारायला शिकले आहे मी. म्हणाली, आईने टेबलाखाली बसून बघावं, मावते का. तेव्हा गुडघ्यांची तयारी करून ये.

आणि आता फोनसुद्धा माझ्याकडेच कर. शिंपी म्हणतो, तुमच्या मायलेकींच्या भांडणात माझ्या फोनचा जीव जातो. दोन वाक्यांत वाजलं तर वाजू दे. तिसरं वाक्य बोलून बघू.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते, पण शुक्रवारचं राहिलं. शुक्रवारी ती शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं, चप्पल एक इकडे एक तिकडे, आणि त्या मासळीवाल्याच्या पोरीचं नाव घेत तशीच बाहेर पळाली. मी ओरडले, "अगं, पाणी तरी पी." ती कोपऱ्यावरून ओरडली, "तहान नाही."

मी दप्तरातून बाटली काढली आणि उलटी करून पाहिली. एक थेंब पडला, तो इस्त्रीवर पडला आणि चर्र झाला.

आशीर्वाद.

तुझी आई